फरशी कां फुटते?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पायाखालीं काय आहे याचा विचार मनुष्य सहसा करीत नाहीं. भिंतीचा रंग उडाला तर तो तत्काळ डोळ्यांत भरतो. पण जमीन जोंपर्यंत निमूटपणें भार वाहते, तोंपर्यंत तिची आठवण कोणास होत नाहीं. मलाही ती झाली नसती. परंतु २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या धाकट्या भावाकडे कॅनडांतील आँटॅरिओ प्रांतांत जाण्याचा योग आला, आणि त्या सुटीचे तीन आठवडे मीं एका न्हाणीघराच्या जमिनीवर गुडघे टेकून घालविले. त्या जमिनीनें मला जो धडा दिला, तोच आज तुम्हांस व तुमच्या वडील मंडळींस सांगावयाचा आहे.

भावाचें घर दुमजली असून तिकडील पुष्कळ घरांप्रमाणें त्याचा सांगाडा लांकडी आहे. माडीवरील न्हाणीघरांत एका कंत्राटदारानें नव्या फरश्या बसविल्या होत्या. पहिलें वर्ष सुखानें गेलें. दुसऱ्या हिवाळ्यांत केसासारखी एक बारीक चीर दिसूं लागली. पुढें दरजा भरलेलें ग्राउट भुगा होऊन निघूं लागलें, दोन फरश्या पायाखालीं डळमळूं लागल्या, आणि शेवटीं खालच्या दिवाणखान्याच्या छतावर पिवळट डाग उमटला. भावाच्या काळजीस आणखी एक कारण होतें. त्याच वर्षीं नाताळापूर्वी आमची आई त्याच्याकडे राहावयास जाणार होती. तिचें वय अठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी येथें आमच्याच घरीं ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला होता व मांडीचें हाड मोडून ती चार महिने अंथरुणास खिळली होती. हलणारी फरशी व म्हातारीं पावलें यांची गांठ पडूं देणें आम्हांपैकीं कोणासच परवडण्यासारखें नव्हतें.

भाऊ म्हणाला, "दादा, या दोन फरश्या उखडूं, नव्या चिकटवूं, म्हणजे झालें." शेजारीं एक वृद्ध इटालियन गवंडी राहत. कामांतून निवृत्त झालेले. पण फरशी म्हटली कीं त्यांचे डोळे चमकत. त्यांनीं थापीच्या मुठीनें एकेक फरशी ठोकून पाहिली. कांहींतून भरीव आवाज आला, पुष्कळींतून मडक्यासारखा पोकळ. मग ते म्हणाले, "फुटलेली फरशी तुम्ही बदलाल, पण फुटण्याचें कारण कोठें बदललें?"

मित्रहो, तें कारण आपण प्रथम समजून घेऊं. पावसाळा लागला कीं घराचें दार फुगतें, चौकटींत बसेनासें होतें, आणि दिवाळीच्या सुमारास तेंच दार पुन्हां सहज लागूं लागतें, हें तुम्हीं पाहिलेंच आहे. लांकूड हवेंतील ओलावा शोषून फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. हें फुगणें तंतूंच्या आडव्या दिशेनें फार व उभ्या दिशेनें अत्यंत थोडें असतें. प्लायवुडांत एकाआड एक थर काटकोनांत चिकटविलेले असल्यामुळें ही हालचाल कमी होते, पण नाहींशी होत नाहीं. आँटॅरिओंत हिवाळ्यांत घरें आंतून तापवितात, त्यामुळें आंतील हवा अतिशय कोरडी होते. उन्हाळा दमट असतो. म्हणजे तेथील लांकडी जमीन वर्षांतून एकदां फुगते व एकदां आकसते. उलट भट्टींत भाजलेली फरशी पाण्यानें जवळ जवळ मुळींच फुगत नाहीं. ती कठीण असते, दाबास फार चांगली टिकते. पण ताणास मात्र दुबळी. आतां फुगणाऱ्या लांकडावर न फुगणारी फरशी सिमेंटानें घट्ट चिकटविली, तर काय होईल? खालचा थर सरकूं पाहील, वरचा सरकणार नाहीं, आणि या ओढाताणींत जेथें दुबळेपणा असेल तेथें तुटेल: कधीं फरशी, कधीं दरज, कधीं सिमेंटाची पकड.

हें शाळेंत करून पाहण्यासारखें आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यावर ओल्या मातीचा पातळ थर नीट दाबून बसवा व वाळूं द्या. दुसऱ्या तुकड्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरून त्यावर वेगळी वाळविलेली मातीची पापडी नुसती ठेवा. मग दोन्ही रबरें हळूच ताणा. पहिल्या तुकड्यावरील मातीस भेगा पडतील. दुसऱ्याखालचें रबर सरकेल आणि पापडी तशीच राहील. दोन्ही ठिकाणीं माती एकच, रबर एकच. फरक आहे तो मधल्या थराचा.

हा मधला थर मनुष्यास आजच सुचला असें नाहीं. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस यानें आपल्या दहा भागांच्या ग्रंथांतील सातव्या भागांत जमिनीविषयीं लिहिलें आहे. लांकडी माडीवर फरसबंदी करावयाची असेल, तर दोन जातींच्या ओकाच्या फळ्या मिसळूं नयेत, कारण त्या वांकून वरील जमिनीस भेगा पाडतात, असें तो बजावतो. आणि चुन्यानें लांकूड बिघडूं नये म्हणून फळ्यांवर नेचे किंवा पेंढा पसरावा असें सांगतो. त्याचा हेतु लांकडाच्या रक्षणाचा; पण त्या पेंढ्यामुळें लांकूड व चुना यांची मिठीही सैल होत असली पाहिजे. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या माडीवर तुळया, तुळयांवर फळ्या व फळ्यांवर मातीचा थर असे. तिकडील जुने कारागीरही लांकडावर डांबरी कागद अंथरून त्यावर जाळी घातलेल्या सिमेंट-वाळूचा दोन बोटें जाड थर देत व त्यांत फरश्या बसवीत. तो जाड थर लांकडास चिकटलेला नसे. लांकूड आपल्या चालीनें चाले, थर आपल्या जागीं राही.

पुढें काळ घाईचा आला. अमेरिकेंत १९५६ सालीं हेन्री रॉथबर्ग यांनीं लॅटेक्स मिसळलेल्या पातळ सिमेंट-मसाल्याचा उद्योग सुरू केला, आणि दोन बोटें जाड थराचें काम तीन-चार मिलिमीटरांच्या थरांत होऊं लागलें. वजन वाचलें, वेळ वाचला, पैसाही वाचला. पण जाड थराबरोबर फरशीची ती जुनी मोकळीकही गेली. फरशी थेट खालच्या जमिनीशीं बांधली गेली. जर्मनींतील इझरलोन गांवचे वेर्नेर श्ल्यूटर हे मूळचे फरशी बसविणारे कारागीर. त्यांच्या कारखान्यानें १९८७ सालीं ही गेलेली मोकळीक पातळ थरांतच परत देणारा एक पडदा बाजारांत आणला. त्याचें नांव डिट्रा. पुढें इतर कारखान्यांनींही असे पडदे काढले. या जातीस अनकपलिंग मेंब्रेन म्हणतात. कपलिंग म्हणजे आगगाडीचे डबे एकमेकांस जोडणारा आंकडा हें तुम्हांस ठाऊक आहे. तो सोडविणें म्हणजे अनकपलिंग. आपण त्यास विलग-पडदा म्हणूं.

हा पडदा पॉलिएथिलिनचा, सुमारें ३ मिलिमीटर जाड व गुंडाळी करतां येण्याजोगा असतो. त्याच्या वरच्या अंगास चौकोनी खळग्यांच्या रांगा असतात. प्रत्येक खळगा तोंडाशीं अरुंद व तळाशीं रुंद. खालच्या अंगास लोकरीसारखें तंतुमय कापड चिकटविलेलें असतें. सिमेंट पॉलिएथिलिनला चिकटत नाहीं. परंतु खळग्यांत शिरून कठीण झालें कीं अरुंद तोंडांतून बाहेर येऊं शकत नाहीं, म्हणून वरची फरशी पडद्यांत अडकून राहते. खालचा मसाला त्या कापडाच्या तंतूंस धरून ठेवतो. खालचें लांकूड सरकलें म्हणजे खळग्यांच्या पातळ भिंती किंचित् लवतात आणि तो ताण वर पोहोंचत नाहीं. पण वरून पडणारा भार मात्र खळग्यांत भरलेल्या सिमेंटाच्या अगणित लहान खांबांतून सरळ खालीं उतरतो. भार खालीं जावा, ओढ वर येऊं नये, असा हा दुहेरी व्यवहार आहे. शिवाय पडद्यांतून पाणी जात नाहीं, हा न्हाणीघरास मोठाच लाभ.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. हा पडदा आडवी हालचाल सोसतो. दुबळी जमीन सबळ करीत नाहीं. फरशीखालच्या लांकडी जमिनीनें भाराखालीं किती लवावें याचा तिकडे नियम आहे: भाजलेल्या फरशीसाठीं आधारांमधील अंतराचा ३६० वा भाग, व नैसर्गिक दगडासाठीं ७२० वा भाग. भावाच्या घरीं तुळयांच्या आधारांमधील अंतर १० फूट, म्हणजे १२० इंच. तेव्हां फरशीसाठीं मर्यादा एक तृतीयांश इंच व दगडासाठीं एक षष्ठांश इंच झाली. आम्हीं खालचें डागाळलेलें छत उघडलें तेव्हां गुपित कळलें. सांडपाण्याची नळी नेतांना कोणीतरी एका तुळईचा निम्म्याहून अधिक भाग कापून टाकला होता! ती तुळई तशीच ठेवून वर कितीही उत्तम पडदा घातला असता, तरी व्यर्थ. गांवांतील बांधकाम तपासनीसास बोलावून त्याच्या सल्ल्यानें नळी बाजूस घेतली, कापलेल्या तुळईस दोन्ही अंगांनीं नव्या तुळया बोल्टांनीं जोडल्या, कुजलेलें प्लायवुड काढून नवें ठोकलें व तक्त्यांमध्यें १/८ इंचाची फट राखली. त्या तुळया एकमेकींपासून १६ इंचांवर होत्या; तेवढ्या अंतरास किमान ५/८ इंच जाडीचें प्लायवुड लागतें.

त्यानंतर पडद्याचें काम. जमीन झाडून, पुसून, लांब पट्टीनें सपाटी पाहिली. पडदा आधीं कोरडाच अंथरून मापानें कापला. लांकडावर पॉलिमर मिसळलेला मसाला दातेरी थापीनें एकाच दिशेच्या रेघांत ओढला, आणि त्यावर साय धरण्यापूर्वी पडदा कापडाची बाजू खालीं करून बसविला व लांकडी रंध्यानें मधून कडेकडे दाबला. त्याचा एक कोपरा उचलून कापड सर्वत्र ओलें झालें आहे ना, हें पाहिलें. पडद्याचे तुकडे एकमेकांवर न चढवितां नुसते भिडविले. मात्र असे सांधे पाणी अडवीत नाहींत; म्हणून सांध्यांवर, तसेंच भिंत व जमीन यांच्या कोनांत, ५ इंच रुंदीची जलरोधक पट्टी मसाल्यानें बसविली. सांध्याच्या दोन्ही अंगांस ती किमान २ इंच चढली पाहिजे. ही पट्टी गाळली, तर पडदा असूनही पाणी खालीं उतरतें.

पडद्याच्या वर फरशीसाठीं मात्र साधा, पॉलिमर न घातलेला मसाला घेतला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं याचें कारण ध्यानीं घ्यावें. सिमेंट वाळून कठीण होतें असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. सिमेंटाचा पाण्याशीं रासायनिक संयोग होऊन तें कठीण होतें. म्हणून तर गवंडी नव्या कामावर पाणी मारतात. पॉलिमर मात्र पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. वर दाट भाजलेली फरशी व खालीं पॉलिएथिलिन अशा कोंडींत पाणी लवकर उडत नाहीं. त्यामुळें तेथें साधें सिमेंटच आनंदानें आपलें काम करतें. अलीकडे या जागीं चालणारे विशेष मसालेही निघाले आहेत. तेव्हां ज्याचा पडदा, त्याचीच लेखी सूचना प्रमाण मानावी.

आतां माझी स्वतःची गोष्ट. पहिल्या ओळीच्या सहा फरश्या मीं बसविल्या. दोऱ्याबरहुकूम सरळ, एकीचा कांठ दुसरीहून केसभरही वर नाहीं. मनांत थोडा अभिमान वाटला. वृद्ध गवंडी आले, क्षणभर पाहत राहिले, आणि कांहीं न बोलतां त्यांनीं मधलीच फरशी थापीनें उचकटून उलटी केली. तिच्या पाठीचा जेमतेम अर्धा भाग मसाल्यानें माखला होता, आणि पडद्याचे कित्येक खळगे रिकामेच होते! मीं दातेरी बाजूनें मसाला वरच्या वर ओढला होता. आधीं सपाट बाजूनें तो खळग्यांत दाबून भरला नव्हता. कोरड्या खोलींत फरशीच्या पाठीचा ८० टक्के भाग व ओल्या जागीं ९५ टक्के भाग मसाल्यानें धरलेला असावा, असा तेथील नियम आहे. माझ्या फरशीस निम्मेच गुण मिळाले असते. खळगा रिकामा म्हणजे खांब नाहीं, आणि जेथें खांब नाहीं तेथें भार पेलणार कशानें?

भाऊ हळूच म्हणाला, "दादा, एवढ्या वेळ राहूं दे ना. वरून कोणास दिसणार आहे?" खरें सांगावयाचें तर माझ्याही मनांत तेंच आलें होतें, गुडघे दुखत होते व मसाला घट्ट होऊं लागला होता. परंतु वर्षानुवर्षें मुलांच्या वह्या तपासतांना, उत्तर बरोबर पण रीत चुकीची असली कीं मी तांबड्या शाईनें रेघ ओढीत आलों. शिवाय त्या फरशीवर पहिलें पाऊल कोणाचें पडणार होतें, हें आम्हां दोघांस ठाऊक होतें. आम्हीं साही फरश्या काढल्या, पाठी धुतल्या, नवा मसाला कालवला. तो कालवून दहा मिनिटें ठेवला, पुन्हां ढवळला, आणि त्यांत मागाहून पाणी घातलें नाहीं. प्रथम खळगे भरले, मग रेघा ओढल्या, फरशीच्या पाठीसही पातळ लेप दिला. त्यानंतर प्रत्येक ओळींतील एक फरशी आम्ही आपणहून उचलून पाहूं लागलों. उशीर झाला; पण ठोकून पाहतां सर्वत्र एकच भरीव आवाज येऊं लागला.

शेवटचा मुद्दा आपल्या इकडील घरांसही लागू आहे. फरश्यांच्या कडेस, भिंतीलगत, आम्हीं पाव इंचाची फट राखली. ती सिमेंटानें न भरतां मऊ, लवचिक लुकणानें भरली व वरून लांकडी पट्टीनें झांकली. मोठ्या खोलींत अशी मऊ दरज दर २० ते २५ फुटांवर, आणि जेथें ऊन लागतें तेथें दर ८ ते १२ फुटांवर ठेवावी लागते. आपल्याकडे बहुधा काँक्रीटचा स्लॅब असतो. तोही नवा असतांना वाळतांवाळतां आकसतो, आणि गच्चीवर दुपारच्या उन्हानें प्रसरण पावतो: दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनीं तापला, तर सुमारें ३ मिलिमीटर वाढतो. तरीही फरशीस फरशी भिडवून, दरज दिसूं न देतां, भिंतीपर्यंत घट्ट बसविण्याची हौस आपल्याकडे फार. मग एखाद्या दिवशीं फटकन् आवाज होऊन घराच्या मधोमध दोन फरश्या तंबूसारख्या उभ्या राहतात, आणि आपण फरशीच्या कारखान्यास दोष देतों. पालकांनीं घर बांधतांना गवंड्यास दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: कडेस फट कोठें ठेवली आहे, आणि एखादी ओली फरशी उचलून दाखवितां काय? जो गवंडी हंसत हंसत उचलून दाखवितो, त्याच्या हातीं खुशाल घर सोंपवावें.

माझी सुटी संपली व मी परत आलों. डिसेंबरांत आई तिकडे गेली. तिकडील न्हाणीघरांत टबाबाहेरच्या जमिनीस उतार नसतो कीं मोरीही नसते. पाणी खालीं सांडावयाचेंच नाहीं अशी तेथील रीत. आईस तें सांगूनही पहिल्याच सकाळीं तिनें जन्मभराच्या सवयीनें तांब्याभर पाणी पायांवर ओतलें व वर दुसराही तांब्या ओतला! भाऊ टॉवेल घेऊन धांवला. आई मात्र फरशीवर ठाम उभी राहून विचारीत होती, "अरे, पाणी जायचं कुठून?" भावानें पाणी टिपलें, दिवसभर जीव मुठींत धरून राहिला, आणि दुसऱ्या दिवशीं उजाडतांच दिवाणखान्यांत जाऊन वर पाहिलें. मग त्यानें मला फोन केला. इकडे शाळा सुटावयाची वेळ होती. तो एवढेंच म्हणाला, "दादा, छत कोरडं आहे."

त्यानंतर दोन हिवाळे गेले. त्या घराचें लांकूड पूर्वीप्रमाणेंच फुगतें व आकसतें. त्याचा स्वभाव आम्हीं बदलला नाहीं, बदलतांही आला नसता. फरशीही पूर्वीइतकीच ताठर आहे. दोघांमध्यें तीन मिलिमीटरांची मोकळीक मात्र आहे. आणि अद्याप एकही फरशी फुटलेली नाहीं.